पोहे झाले की रामकुंड

आमच्या ह्यांचं नाव सावळीराम. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आता गुडघे धरून उठायच्या वयात कसली आलीय लाज. आणि नाव घेतल्यानं माणूस झिजत असता तर हे कधीच संपले असते. पंचवटीत मालेगाव स्टँडपासून रामकुंडापर्यंत दिवसभर ह्यांच्या नावाच्या हाका चालायच्या. "सावळीराम, चार सीट हायेत, दर्शन." की हे निघाले.

रिक्षावाल्यांची भाषाच वेगळी. देवळात जाऊन हात जोडतात त्याला आपण दर्शन म्हणतो. हे म्हणायचे, "एक दर्शन मारून येतो." म्हणजे बाहेरगावची माणसं रिक्षात घालायची, रामकुंड, काळाराम, सीता गुंफा, पाच वड, तपोवन, जमलं तर सोमेश्वर आणि पांडवलेणी, असं सगळं गाव फिरवून आणायचं, आणि फिरवताना तोंडानं सांगत राहायचं. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते इथं, म्हणून गावाचं नाव नाशिक. मोगलांनी ठेवलेलं नाव गुलशनाबाद. पांडवलेण्याच्या पायथ्याशी गेले की म्हणायचे, एके काळी ही राजधानी होती बरं का. कुणाची, असं एखाद्यानं विचारलं तर म्हणायचे, ज्याची होती त्याची, आता महानगरपालिकेची. माणसं हसायची. रोज तीच माणसं नसायची म्हणून रोज तेच हसू.

मला मात्र ते सगळं पाठ झालं होतं. मखमलाबादच्या मळ्यातनं वाटणी होऊन बाहेर पडलो, त्या वाटणीत आमच्या हाती काय लागलं ते सोडा, पण नव्वद-एक्याण्णव साली ह्यांनी रिक्षा धरली आणि तेव्हापासून घरात दोनच आवाज. एक रिक्षाचा आणि एक ह्यांचा बसलेला. बोलून बोलून घसा पार गेलेला असायचा. भाकरी मागायची तर हातानं खुणा. मी म्हणायची, परक्या बायांना सीतामाईची सगळी कहाणी सांगता, मला दोन शब्द बोलायला काय होतं. तर नुसतं बघायचे आणि ताटाकडं हात करायचे. लय राग यायचा. पण ज्या माणसाच्या डोळ्यांत धुरानं लाल शिरा उमटल्यात त्याच्याशी भांडायचं तरी किती.

आता छायाचं सांगते. छाया आमची एकुलती एक. बारावी झाली, मग शिवणाचा क्लास केला आणि घरातच मशिन टाकून ब्लाऊज शिवायला लागली. हाताला सफाई होती. रंगानं सावळी, बोलायला कमी. वीस वर्षांची होत आली तसं मी भागीबाईला सांगितलं. भागीबाई माझी मावसबहीण, देवळ्याला दिलेली. तिकडच्या चार तालुक्यांत आपल्या लोकांची लग्नं जमवणं हा तिचा धंदा नव्हे, हौस. ती म्हणाली, मी आणते पाहुणे, तू पोह्याची तयारी ठेव.

पहिले पाहुणे देवळ्याचेच. कांद्याच्या व्यापारात होते. आले, बसले, पोहे खाल्ले, छायाला नाव विचारलं, शिवण बघितलं, चालून दाखव म्हणाले. तिनं चालून दाखवलं. मग मुलाचे वडील उठता उठता म्हणाले, "आलोच हाये तर रामकुंड करून जावं म्हणतो." आणि आमच्या ह्यांचं तोंड असं उजळलं की मला आधी बरंच वाटलं. मुलीच्या बापाकडं द्यायला काहीतरी निघालं ना. लगेच खांद्यावर टॉवेल टाकला आणि निघाले. दिवसभर फिरवलं. सीता गुंफेत मुलाची आत्या अडकली. ती वाट इतकी अरुंद, की बसून सरकत जावं लागतं, आणि बाई अंगानं दांडगी. हे पुढून ओढतायत, मुलगा मागून ढकलतोय. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, सीतामाई बारीकच असणार. सगळे खूश होऊन गाडीत बसले. जाताना म्हणाले, कळवतो.

कळवलं नाही. नंतर भागीबाईकडून निरोप आला, मुलाला जरा उजळ पाहिजे. म्हटलं ठीक. प्रत्येकाची आवड.

मग मालेगावचे आले. त्यांचं पोहे झाले की काळाराम आणि पांडवलेणी. येवल्याचे आले, त्यांना मुक्तिधाम बघायचं होतं, म्हणजे थेट नाशिक रोड. निफाडकडचे आले ते तर सकाळी रामकुंडावर अंघोळ करूनच मुलगी बघायला आले, ओल्या पंच्यासकट, आणि माझ्या दारातल्या दोरीवर पंचे वाळत घातले. सगळ्यांना हे फिरवायचे. धंदा सोडून फिरवायचे. घरी आले की पाय पसरून भिंतीला टेकायचे. मी पाणी गरम करून द्यायची आणि तोंड सोडायची. म्हणायची, ही माणसं पोरगी बघायला येतात का गाव बघायला. ते म्हणायचे, "पाहुण्याला नाय कसं म्हणायचं? आपण पोरीकडचे. माझ्याकडं दुसरं हाय काय दाखवायला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दुसरं काय आहे म्हणजे? आत मशिनीवर बसलीय ती कोण?

पण ते तसलं बोलणं त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. त्यांना खरंच वाटायचं की पाहुण्यांना गाव आवडलं की पोरगी आवडेल. दहा-बारा वर्षं तोच धंदा केलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार. गिऱ्हाईक खूश झालं की पुढचं आपोआप होतं, एवढंच त्यांना ठाऊक.

खरी गोष्ट मला देवळ्याच्या एका लग्नात कळली. पंगतीत माझ्या मागं दोन बाया बसलेल्या. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. एक म्हणाली, नाशिकला जायचं तर आता आपल्या सावळीरामची पोरगी बघायला जायचं. रामकुंडापासून पांडवलेण्यापर्यंत सगळं होतं, जेवणासकट. दुसरी म्हणाली, आणि पोरगी? पहिली म्हणाली, पोरगी पण बघायची, वाटेतच आहे. आणि दोघी हसल्या. मी पानावरून उठले. जिलेबी तशीच राहिली. भागीबाईला गाठून विचारलं तर ती खाली बघायला लागली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सगळे तसे नसतील." मला त्यांची कीव आली आणि चीडही आली. दोन्ही एकदम येतं नवऱ्याच्या बाबतीत.

दोन हजार तीन साली सिंहस्थ आला. बारा वर्षांनी येणारा. गावात रस्ते खोदले, घाट बांधले, साधूंच्या राहुट्या तपोवनात. माणसांचा पूर. ह्यांना श्वास घ्यायला सवड नव्हती. पोलिसांनी ठिकठिकाणी रस्ते बंद केलेले, त्यामुळं रिक्षा कुठंतरी लांब लावायची आणि लोकांना चालवत न्यायचं, परत आणायचं. पायाला भेगा पडल्या होत्या. जेवताना डोळे मिटायचे. घास हातात, आणि माणूस झोपलेला. मी म्हणायची, चार दिवस घरी बसा. तर म्हणायचे, बारा वर्षांनी एकदा येतंय, आता नाय तर कधी. हे खरंही होतं. पण अंग म्हणून काही असतं की नाही.

आणि त्या श्रावणात आमच्या छायाला मागण्या आल्या म्हणून सांगते. तीन वर्षांत आल्या नव्हत्या तितक्या. भागीबाईचे निरोपावर निरोप. सटाण्याचे येतायत, चांदवडचे येतायत, कुणीतरी पार धुळ्याहून येतंय. मी मूर्ख, मला वाटलं आता नशीब उघडलं. मी तांदूळ निवडायला बसले. छाया मशिनीवर होती. ती पाय न थांबवता म्हणाली, "आई, सिंहस्थात लग्नं लागत नाहीत ना?"

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

आमच्याकडं जुनी माणसं सिंहस्थात लग्न लावत नाहीत. गोदावरीकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. माझं स्वतःचं लग्न त्याच्यासाठी पुढं ढकललेलं. आणि हे सगळे पाहुणे आपल्यातलेच, पंचांग मानणारे, हळदीचा दिवससुद्धा बघून ठरवणारे. वर्षभर ज्यांना लग्न करायचंच नाही ते मुलगी बघायला कशाला येतील? मला हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं. आई माणूस आशेवर असतं तेव्हा त्याला पंचांग दिसत नाही.

मी ह्यांना सांगितलं, सटाण्याच्यांना नको म्हणून कळवा. ते म्हणाले, निघाले असतील आता.

आले. पाच माणसं. मुलगा, त्याचे आईवडील, काकू आणि काका. काकाचं नाव चिमाजी, त्यांना सगळे नाना म्हणायचे, आणि सगळं बोलणं तेच करायचे. भागीबाई बरोबर होतीच. आदल्या दिवशी दुपारीच येऊन आमच्याकडं उतरले. मुलगी उद्या बघू म्हणाले, आज गंगा करून येतो. ह्यांनी त्यांना रामकुंडावर नेलं, गर्दीतनं हात धरधरून नेलं, काकूची चप्पल हरवली ती शोधली, साधू दाखवले, शेवटी सगळ्यांना घरी आणलं. मी दहा माणसांचा स्वयंपाक केला. सकाळी परत तपोवन. दहाच्या सुमाराला म्हणाले, चला, आता मुलगी बघून घेऊ, मग त्र्यंबकला जायचंय.

ऐकलंत ना? बघून घेऊ, मग त्र्यंबक.

ते ओळीनं बसले. हे भिंतीला टेकून बसले, आणि बसता क्षणी डोळे मिटले. मी आतून बघत होते. छाया पोह्याचा ट्रे घेऊन बाहेर आली. बांगड्यांचा आवाज झाला म्हणा, का काय झालं, हे दचकले. डोळे पुरते उघडलेही नव्हते. आणि त्यांच्या त्या घोगऱ्या धंद्याच्या आवाजात म्हणाले, "पुढं सरका, पुढं सरका. मागच्यांना दिसू द्या. इथून दर्शन चांगलं होतं. पाच मिनटं थांबायचं, मग गाडी पुढं जाणार."

मग नाना हसले. मग सगळेच. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. मुलगा तोंडावर रुमाल धरून हसत होता. भागीबाई तेवढी हसली नाही. आणि माझी पोर ट्रे धरून मधोमध उभी.

रडेल असं वाटलं मला. नाही रडली. तिनं ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला आणि नानांना विचारलं, "नाना, लग्न कधी धरायचं म्हणताय तुम्ही?"

मुलीनं असं विचारायची रीत नाही. नानांचं हसू थांबलं. म्हणाले, "आता सिंहस्थ शे ना बेटा. वर्षभर लगीन कुठं लागतं. पण म्हटलं, बघून ठेवावं. येणं तं व्हतंच."

येणं होतंच. एवढंच म्हणाले ते. वाईट माणूस नव्हता, खोटंही बोलला नाही. छाया आत आली आणि मशिनीवर बसली. मशिन चालवली नाही, नुसती बसली.

हे उठले. कुणाकडं बघितलं नाही. बाहेर जाऊन रिक्षा चालू केली. पाहुण्यांना वाटलं त्र्यंबकची तयारी. पिशव्या घेतल्या, कोंबून बसले, मुलगा पुढं ह्यांच्या शेजारी. भागीबाईही गेली, पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं. हे वाटभर एक शब्द बोलले नाहीत. सिंहस्थात गाड्यांसाठी गावाबाहेर जो तात्पुरता स्टँड केला होता तिथं नेऊन रिक्षा थांबवली, आणि खाली उतरून म्हणाले, "हितनं सटाण्याच्या गाड्या सुटतात."

नाना म्हणाले, "अन् त्र्यंबक?"

हे म्हणाले, "त्र्यंबकला जायचं तर जा तुम्ही, वाट अडवलेली नाय कुणी. पण नाशकात बघण्यासारखं जे होतं ते सकाळी माझ्या घरात तुमच्यासमोर उभं होतं, नाना. तुम्हाला दिसलं नाय. आणि तुम्हाला काय बोलू, मलाच दिसलं नाय." भागीबाई म्हणते, हे बोलताना त्यांचा आवाज पार फाटला होता, घशानं की कशानं ते तिला कळलं नाही.

त्या दिवशी हे परत रिक्षा स्टँडवर गेले नाहीत. भर सिंहस्थात, दुपारी, घरी आले. रिक्षा बाहेर लावली आणि छायाच्या मशिनीजवळ जमिनीवर येऊन बसले. ती आता शिवत होती. पाहुणे गेले म्हणून साडी सोडून ड्रेस घातलेला, चष्मा लावलेला. सुईत दोरा ओवत होती. हे खालून तिच्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "चष्मा कधी लागला गं तुला?"

ती म्हणाली, "दिवाळीपासून आहे, आप्पा."

श्रावण चालू होता. मी मागं उभी राहून ऐकत होते. एका घरात राहून बापाला माहीत नाही. चूक त्यांची तरी कशी म्हणू. पहाटे ती झोपलेली असताना जायचे, यायचे तेव्हा डोळे उघडे नसायचे. आणि पाहुणे येणार म्हटलं की मीच तो चष्मा काढून फळीवर ठेवायला लावायची.

"नीट दिसतं का आता?" त्यांनी विचारलं.

"दिसतं."

"मग इथून पुढं लावूनच बसत जा. कुणी का येईना."

एवढंच बोलणं झालं. मग ते तिथंच आडवे झाले आणि मशिनीच्या आवाजात झोपून गेले. त्या सालात पुढच्या सगळ्या पाहुण्यांना भागीबाईनं परस्पर कळवलं, सिंहस्थ उतरल्याशिवाय मुलगी दाखवायची नाही. बहुतेकांनी पुन्हा विचारलंच नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर दिंडोरीचे आले. मुलगा महेश, द्राक्षाच्या बागेत ट्रॅक्टर आणि फवारणीचं काम बघायचा. बाप नव्हता. त्याची आई नवसाबाई आणि बहीण, एवढीच माणसं. हे त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. रिक्षा आदल्या दिवशीच गॅरेजात टाकली होती. बिघडली वगैरे काही नव्हती. पोहे झाले. छाया चष्मा लावूनच आली आणि ह्यांच्या शेजारी बसली. मी वाट बघत होते, आता कोण रामकुंडाचं नाव काढतं त्याची.

नवसाबाईनं छायाला विचारलं, बाह्या कशा कापतेस, कापड कमी पडलं तर काय करतेस. तिच्या ब्लाऊजची शिवण काखेत उसवलेली होती, ती तिनं सरळ हात वर करून दाखवली. छायानं दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाली, दोरा कच्चा वापरलाय. दोघी त्यातच रमल्या. महेश इकडंतिकडं बघायचा आणि मग छायाकडं बघायचा. आणि आमचे हे, ज्यांनी एवढी तयारी केली होती, ते बसल्या जागी झोपले. मान छातीवर, तोंड थोडं उघडं, आणि हलकंसं घोरायलाही लागले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोयरीक बोलायची आणि मुलीचा बाप घोरतोय. मी पुढं झाले, त्यांच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात नवसाबाईनं माझा हात धरला.

हळूच म्हणाली, "राहू द्या हो. दमलेत ते."

इतकी वर्षं इतके पाहुणे ह्या दारात आले, ह्यांच्या रिक्षात बसले, ह्यांचा हात धरून गर्दीतनं गेले. एकालाही ते दिसलं नव्हतं. मी डोळ्याला पदर लावला आणि आत चहा टाकायला गेले, आणि आत जाता जाताच मनात म्हटलं, पोर ह्याच घरात द्यायची.